आगगाडी, जंगल आणि दळी : कर्जत-खालापूरचा मुलूख कसा ‘खुला’ झाला

१/
१० मे १८६९ रोजी अमेरिकेतील यूटा प्रांतात सोन्याचा खिळा ठोकला गेला आणि पूर्व व पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला. अमेरिकेच्या पश्चिमविस्ताराच्या कहाणीत हा प्रसंग आवर्जून सांगितला जातो. त्याआधी सहा वर्षे, २१ एप्रिल १८६३ रोजी, मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी बोरघाटातील लोहमार्गाचे उद्घाटन केले. मुंबई आणि दख्खन यांच्यामधली सह्याद्रीची भिंत त्या दिवशी ओलांडली गेली. या भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांचे पुढे काय झाले, त्याची ही हकीकत.

२/
अमेरिकेच्या विस्ताराची कारणे शाळकरी पुस्तकांतूनही भेटतात. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट प्रदेश विकत घेतला गेला. १८४९ पासून कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे माणसांचे लोंढे निघाले. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्याला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देऊ केली. हा विस्तार ईश्वरी संकेतानेच होत आहे, असा विश्वासही १८४५ च्या सुमारास शब्दबद्ध झाला. या सगळ्यामागचे गृहीतक एकच होते : पुढचा मुलूख रिकामा आहे, त्याला कोणी धनी नाही. मूळ रहिवासी त्या हिशेबात धरलेच गेले नाहीत.

३/
कर्जत-खालापूरच्या मुलखाबद्दलही एकोणिसाव्या शतकात असेच गृहीत धरले गेले. पूर्वेला राजमाची, ढाक आणि कोथळीगडाची रांग. पश्चिमेला माथेरानचा डोंगर. मधून वाहणारी उल्हास नदी आणि दक्षिणेला पाताळगंगा. खाचरांत भात, चढावर नाचणी-वरी, त्याच्यावर ऐन, साग, खैर आणि मोहाचे जंगल. गावांत आगरी, कुणबी, मराठा आणि इतर शेतकरी जाती; डोंगरउतारावरच्या वाड्यांत ठाकर आणि कातकरी; माथ्यावर गुरे राखणारे धनगर. मुंबईहून पाहणाऱ्या साहेबाला यातले जंगल तेवढे दिसत होते.

४/
हा मुलूख कधीच रिकामा नव्हता. राजमाचीच्या पायथ्याची कोंडाण्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या काळातली आहेत. बंदरांतून देशावर जाणारा माल कुसूर घाट, बोरघाट अशा वाटांनी चढत असे आणि त्या वाटांवर लेणी, टाकी आणि गड उभे राहिले. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोगली फौजेला उंबरखिंडीत कोंडले, ती जागाही आजच्या खालापूर तालुक्यातलीच. जंगल आणि अरुंद वाट ही त्या दिवशी मराठ्यांची शस्त्रे होती. या मुलखाची दुर्गमता येथल्या माणसाला दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत उपयोगाचीच होती.

५/
पेशवाईत पुण्याला महत्त्व आले आणि बोरघाटाची वर्दळ वाढली. घाटाच्या तळाशी खोपोलीत नाना फडणवीसांनी वाटसरूंसाठी मोठा तलाव आणि महादेवाचे मंदिर बांधले. पुढे इंग्रजांनी हीच वाट युद्धासाठी वापरली. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने ती तोफगाड्यांसाठी रुंद करून घेतली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते चाकाच्या गाड्यांसाठी पक्का घाटरस्ता खुला झाला. तरीही मालाची मोठी ने-आण बैलांच्या तांड्यांवरच चाले आणि पावसाळ्यात ती जवळपास थांबे.

६/
मग लोहमार्गाची घाई कोणाला झाली होती? पहिले उत्तर आहे कापूस. लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामांच्या श्रमावर पिकणाऱ्या कापसावर चालत. १८४६ मध्ये अमेरिकेचे पीक कमी आले, तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीमालकांना एकाच देशावर विसंबण्याचा धोका कळला. १८४८ मध्ये जॉन ब्राइट यांच्या अध्यक्षतेखाली ब्रिटिश संसदेच्या समितीने हिंदुस्थानातील कापसाची चौकशी केली. कापूस होता वऱ्हाड-खानदेशात आणि दख्खनमध्ये, जहाज होते मुंबईत आणि दोहोंच्या मध्ये सह्याद्री उभा होता.

७/
दुसरे कारण सैन्याचे. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी २० एप्रिल १८५३ च्या आपल्या प्रसिद्ध टिपणात रेल्वेची बाजू मांडताना व्यापाराच्या बरोबरीने लष्करी हालचालींवर भर दिला. थोड्या फौजेने मोठा देश ताब्यात ठेवायचा, तर ती फौज वेगाने हलवता आली पाहिजे. पुण्याची छावणी आणि मुंबई बंदर यांच्यामधली वाट कर्जत-खालापुरातून जात होती. चारच वर्षांनी १८५७ चा उठाव झाला आणि हा मुद्दा सरकारला पुन्हा पटवून देण्याची गरज उरली नाही.

८/
तिसरे कारण म्हणजे रेल्वेत पैसा घालणाऱ्यांना मिळालेली हमी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या भागधारकांना गुंतवणुकीवर ५ टक्के व्याजाची शाश्वती होती. रेल्वे तोट्यात गेली तर ती तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई. अमेरिकेत सरकारने रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंच्या जमिनी बहाल केल्या आणि कंपन्यांनी त्या वसाहतकऱ्यांना विकल्या. येथे कंपनीला शेतकरी वसवायचेच नव्हते. भांडवल लंडनचे, जोखीम येथल्या रयतेची आणि माल बंदराकडे जाणारा, अशी ही मांडणी होती.

९/
१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी धावली. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोहोचले आणि १८५६ मध्ये नेरळ, पळसदरी असे करत खोपोलीला. वरच्या बाजूला खंडाळा-पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट तेवढा बाकी राहिला. पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीत, तट्टूवर किंवा पायी घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. खोपोलीची आजची शाखा ही त्या मूळ मार्गाचीच आठवण आहे. तेव्हा गाडी येथेच संपत होती.

१०/
घाटाच्या चढाचा आराखडा मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांचा होता. सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट उंची गाठायची होती. त्यासाठी २५ बोगदे खोदले गेले आणि ८ मोठे कमानी पूल बांधले गेले. काही ठिकाणी चढ ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र होता. एका टप्प्यावर तर वळायलाच जागा नव्हती, म्हणून गाडी कड्यावरच्या स्थानकात नेऊन उलट दिशेने पुढे काढली जाई. ही उलटी व्यवस्था १९२९ पर्यंत, म्हणजे विजेवरच्या गाड्या येईपर्यंत चालू होती.

११/
हे काम कोणाच्या हातांनी झाले? १८५६ मध्ये सुमारे १०,००० मजूर होते, १८६१ च्या आरंभी ही संख्या ४२,००० वर गेली. यांतले बहुतेक देशावरून आणि इतर मुलखांतून बायकामुलांसह आलेले होते. कड्यावर दोराने लटकून सुरुंगाची भोके पाडायची, खाली झावळ्या-गवताच्या झोपड्यांत राहायचे. पटकीच्या साथींनी आणि तापाने हजारो माणसे मेली. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यामुळे मजुरांनी दंगा केला. त्यानंतर फॅव्हिएल या ठेकेदाराने काम सोडले.

१२/
पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्येच येथे आला आणि अल्पावधीत आजारी पडून वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका स्वतःकडे ठेवला आणि दोन अभियंत्यांकरवी काम तडीस नेले. खुद्द बर्कली उद्घाटनाआधीच, १८६२ मध्ये मरण पावले. या साऱ्यांची नावे इतिहासात नोंदली गेली. अमेरिकेत सिएरा नेवाडाच्या कड्यांवर हजारो चिनी मजूर असेच काम करत होते आणि तेही नावाने कोठे फारसे उरले नाहीत. बोरघाटातल्या मजुरांच्या वाट्याला संख्येपलीकडे काही आले नाही.

१३/
घाट खुला झाला तो मुहूर्तही पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत १८६१ पासून यादवी युद्ध पेटले होते. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरला कापूस मिळेनासा झाला. मुंबईच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. १८६३ मध्ये घाटाचे रूळ तयार झाले, तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आलेला होता. १८६५ मध्ये युद्ध संपताच हा फुगा फुटला, बँका आणि कंपन्या बुडाल्या. रूळ मात्र राहिले. त्या रुळांना आता दुसरा माल हवा होता आणि तो घाटाच्या पायथ्याशीच उभा होता.

१४/
त्या मालाकडे वळण्यापूर्वी या घाटातल्या एका देवळाविषयी. बोरघाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. लोककथा अशी की, इंग्रज अभियंत्यांना घाटाची वाट सापडेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने गुरांमागून चालत ती दाखवली. बक्षीस काय हवे, असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ही कथा लोकांनी तोंडोतोंडी जपली. वाट आमच्याच माणसाला माहीत होती आणि ती दाखवण्याचे मोल त्याने प्राणाने चुकवले, हा तिचा आशय आहे. आजही घाट चढणाऱ्या गाड्यांचे चालक तेथे नाणे टाकून पुढे जातात.

१५/
‘शोध’ लागण्याचा असाच प्रकार माथेरानच्या बाबतीत झाला. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी चौकहून डोंगर चढून माथ्याची पाहणी केली आणि माथेरानचा शोध त्यांच्या नावावर लागला. माथ्यावर आणि उतारांवर धनगर, ठाकर, कातकरी यांचा वावर होताच. वाट त्यांच्या पायांखालची होती. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी तेथे बंगला बांधला, रस्ते आखून घेतले आणि मुंबईच्या साहेब-शेठ मंडळींना उन्हाळ्याची हवा मिळाली.

१६/
अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झाले. निसर्ग अस्पर्श आहे असे सांगून तेथल्या जमातींचा वावर पुढे बंद करण्यात आला. माथेरानचे जंगलही असेच शोभेसाठी राखले गेले आणि सरपण, चराई यांवर निर्बंध आले. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने बांधलेली दोन फुटी रुळांची गाडी नेरळहून वर जाऊ लागली. डोंगरातल्या माणसाला आपल्याच डोंगरावर आता हमाल, घोडेवाला किंवा लाकूडविक्या म्हणून जागा होती.

१७/
आता त्या मालाकडे. मुंबई झपाट्याने वाढत होती. तिला इमारती लाकूड हवे होते, चुलींना सरपण आणि कोळसा हवा होता, ट्रामच्या आणि बग्ग्यांच्या घोड्यांना गवत हवे होते. रेल्वेलाही रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर लागत. दर मैलाला सुमारे १,८०० स्लीपर आणि ते ठरावीक वर्षांनी बदलावे लागत. नेरळ, कर्जत, खोपोली ही स्थानके सह्याद्रीच्या पायथ्याशी होती. जंगलातला माल पूर्वी बैलगाडीने बंदरापर्यंत नेणे परवडत नसे. आता तो एका दिवसात मुंबईत उतरू लागला. जंगलाला किंमत आली आणि किंमत आली तशी मालकीही आली.

१८/
ही मालकी समजण्यासाठी कोकणातल्या भातशेतीची रीत ध्यानात घ्यावी लागते. पेरणीआधी रोपांच्या वाफ्यावर झाडांच्या टहाळ्या, शेण, पालापाचोळा आणि गवत पसरून जाळतात. याला राब म्हणतात. राबाने तण मरते आणि रोप जोमाने वाढते. त्यासाठी दर वर्षी टहाळ लागतो. म्हणून प्रत्येक भातखाचराच्या हिशेबात थोडी चढावरची वरकस जमीन आणि जंगलातली झाडे धरलेलीच असत. शेतकऱ्याच्या दृष्टीने जंगल हे शेताचेच अंग होते. सरकारी मोजणीत मात्र शेत वेगळे आणि जंगल वेगळे झाले.

१९/
१८६५ मध्ये पहिला वन कायदा आला. १८७८ च्या कायद्याने तो कडक केला आणि जंगलांचे राखीव व संरक्षित असे वर्ग पाडले. राखीव जंगलात लोकांचे हक्क संपले. जे चालू राहिले ते सवलत म्हणून आणि सवलत केव्हाही काढून घेता येत असे. टहाळ तोडणे, गुरे चारणे, मोळी आणणे ही कालची नित्याची कामे आज गुन्हा ठरली. पिढ्यानुपिढ्यांच्या वहिवाटीचा कागद कोणापाशी नव्हता. अमेरिकेत सैन्याने जे केले, ते येथे पुष्कळ अंशी एका कायद्याने आणि वनरक्षकाच्या दंडाच्या पावतीने साधले.

२०/
सर्वांत मोठा घाव कातकऱ्यांवर बसला. त्यांचे नावच कातावरून आलेले. खैराचे झाड तोडून, गाभ्याचे तुकडे उकळून, आटवून कात काढणे हा त्यांचा पिढीजात धंदा होता. पानात पडणारा आणि रंगाला लागणारा हा कात दूरवर विकला जाई. खैर सरकारजमा झाला आणि धंदा बुडाला. ठाकरांकडे डोंगरउतारावरची थोडी शेती होती, कातकऱ्यांकडे बहुधा तीही नव्हती. जंगलात शिकार, कंद, मासे, मध यांवर भागवणारा समाज लाकूडतोड आणि कोळशाच्या भट्ट्यांवर रोजाने जाऊ लागला. जे जंगल त्यांचे होते, तेच तोडण्याची मजुरी त्यांना मिळू लागली.

२१/
ठाकर आणि कातकरी उतारांवर दळी करत. म्हणजे झाडाच्या फांद्या छाटून जाळायच्या, राखेत नाचणी, वरी, तीळ पेरायचे, दोन-तीन वर्षांनी जागा सोडून दुसरीकडे जायचे आणि जुन्या जागेला पुन्हा जंगल होऊ द्यायचे. वनखात्याला ही शेती नासधूस वाटे. ती एकदम बंद केली तर उपासमार होईल, म्हणून ठरावीक तुकडे आखून गटाच्या किंवा त्यातील प्रमुखाच्या नावे देण्यात आले. ‘दळी जमीन’ हा शब्द महसूल-वनखात्याच्या दप्तरात आला तो असा. जमीन कसायची, पण ती वनखात्याचीच राहायची. जमातीची सामाईक जमीन मोजून, तुकडे पाडून, नोंदीत बांधण्याचा हा काळ होता. अमेरिकेत १८८७ च्या डॉस कायद्याने हेच अधिक मोठ्या प्रमाणावर केले.

२२/
लोक गप्प बसले नाहीत. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राब, टहाळ, चराई हेच त्याच्यापुढचे मुख्य विषय होते. काही सवलती मिळाल्या, मालकी मात्र हलली नाही. पुढे १८९२ च्या कायद्याने या दोन जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही सरकारी नियंत्रण आले. घरोघरी दारू गाळली गेली तर अबकारीचे उत्पन्न बुडते, हे त्याचे कारण. ज्या फुलांवर टंचाईच्या महिन्यांत पोट भरे, ती फुले साठवणेही संशयास्पद ठरले.

२३/
सारा रोखीने भरायचा, जंगलातली कमाई तुटलेली आणि पावसाळ्याच्या तोंडाशी घरात दाणा नाही. अशा वेळी खावटीसाठी सावकाराकडे जाण्यावाचून मार्ग नसे. एका खंडी भाताला पुढच्या हंगामात दीडपट परत करावे लागे. वरकस जमिनींवरच्या गवताला मुंबईत भाव आल्यामुळे सावकाराला त्या जमिनीही हव्याशा झाल्या. कर्जाच्या कागदावर अंगठे उठले आणि सातबाऱ्यावरची नावे बदलत गेली. जमीन कसणारा तोच राहिला, फक्त तो आता कूळ होता किंवा गडी.

२४/
येथे अमेरिकेशी तुलना एका महत्त्वाच्या जागी थांबते. तेथे आलेल्यांना जमीन कसायची होती, म्हणून मूळ रहिवाशांना हटवून राखीव वस्त्यांत कोंडले गेले. कर्जत-खालापुरात मुंबईला शेती करायची नव्हती. तिला वाट, लाकूड, गवत, थंड हवा आणि स्वस्त मजूर हवे होते. मजूर हवा असेल तर माणसाला हाकलून चालत नाही. त्याचा जंगलावरचा हक्क काढून घेतला की तो आपोआप मजुरीला येतो. म्हणून येथे मोठे स्थलांतर किंवा कत्तल झाली नाही. लोक आपल्या वाडीतच राहिले आणि वाडीभोवतीचा मुलूख दुसऱ्याचा झाला.

२५/
विसाव्या शतकात मुंबईची भूक पाण्याकडे वळली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची कोनशिला बसली. घाटमाथ्यावर तलाव बांधून पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात सोडण्यात आले आणि १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजघर चालू झाले. वीजघरातून सुटलेल्या पाण्याने उल्हास आणि पाताळगंगा बारमाही झाल्या. त्याचा लाभ काही गावांच्या उन्हाळी भाताला झाला, पुढे रसायनीच्या कारखान्यांनाही झाला. डोंगरातल्या वाड्या मात्र विजेच्या तारांखाली कंदिलावर राहिल्या.

२६/
प्रतिकाराची परंपराही याच मुलखात घडली. २५ सप्टेंबर १९३० रोजी शेजारच्या उरण भागात चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी कर्जत परिसरातील शेतकऱ्यांचे दावे वकील म्हणून लढवले. सावकाराच्या खावटीला पर्याय म्हणून धान्यकोठारे उभारली आणि शाळा काढल्या. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांशी झालेल्या चकमकीत कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. मनोरेच का निवडले, हे या मुलखाचा इतिहास माहीत असणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

२७/
स्वातंत्र्यानंतर कायदे बदलले. कूळकायदा आला. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्राने १९७४ चा कायदा केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे आपल्या प्रस्तावनेतच मान्य केले. रायगडात दळीच्या जुन्या नोंदी तेव्हा दाव्यांच्या कामी आल्या. ज्या कागदाने पूर्वी हक्क आक्रसला होता, तोच आता हक्काचा पुरावा ठरला. मात्र नोंद प्रमुखाच्या नावावर, कसणारी घरे अनेक आणि मधल्या तीन-चार पिढ्यांचा माग नाही, अशी गुंतागुंत पुष्कळ ठिकाणी राहिली.

२८/
दरम्यान नवी वाट आली. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि तो खालापुरातून जातो. चौकजवळचे मोरबे धरण नवी मुंबईला पाणी पुरवते. कर्जतच्या वरकस जमिनींवर आता गवताऐवजी फार्महाऊस उगवतात. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीवाचून विकता येत नाही. पण अनेक कातकरी वाड्या ज्या जागेवर उभ्या आहेत, ती जागाच दुसऱ्यांच्या नावावर आहे. जमिनीचा भाव वाढला की प्रथम प्रश्न उभा राहतो तो अशा वाडीचा. दिवाळीनंतर वाड्यांना कुलपे लागतात, माणसे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात.

२९/
१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि शोधकार्य थांबवावे लागले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावपथके मुसळधार पावसात पायवाटेने वर गेली आणि यंत्रे खालीच राहिली. त्या उतारावरून मोरब्याचे पाणी दिसते आणि पलीकडे द्रुतगती महामार्गाचा पट्टा. ही वाडी चौकच्या माथ्यावरची. १८५० मध्ये कलेक्टर मॅलेट ‘शोधा’ला निघाले, ते याच चौक गावातून.

३०/
अमेरिकेच्या जनगणनेने १८९० मध्ये सरहद्द संपल्याचे जाहीर केले, म्हणजे नवा मुलूख खुला करायचा उरला नाही. सह्याद्रीच्या पायथ्याला अशी तारीख कधीच आली नाही. १८३० चा घाटरस्ता, १८६३ चे रूळ, १८७८ चे जंगल, १९१५ ची वीज, २००२ चा महामार्ग अशी ती सरहद्द दर पिढीला नव्याने सुरू होत गेली. दर वेळी मुंबईला काही मिळाले आणि त्यातले थोडे कर्जत-खालापूरच्या बाजारपेठांनाही मिळाले. वरच्या वाड्यांच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब अजून दळीच्या नोंदी, वनहक्काचे दावे आणि इर्शाळवाडीच्या पुनर्वसनाचे कागद यांत विखुरलेला आहे. बोरघाटातून जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून दिसणारे हिरवे डोंगर पाहताना एवढे ध्यानात असावे की, ते कोणाच्या तरी शेताचे, भट्टीचे आणि पायवाटेचे डोंगर आहेत.